अखेरच्या घटकेचा गडी

निपाणीहून राधानगरीकडे निघाले की वेदगंगेच्या खोऱ्यात मुरगूड लागते. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. तिथे नगरपरिषद आहे, भरली बाजारपेठ आहे, सर पिराजीरावांच्या नावाचा तलाव आहे आणि भोवताली नजर पोचेल तिथवर ऊस आहे. परंतु कागल तालुक्याच्या बाहेर मुरगूडचे नाव निघते ते बहुधा कुस्तीच्या निमित्ताने. सदाशिवराव मंडलिक यांच्या नावाचे कुस्ती संकुल या गावात आहे, आणि आज तिथे मुलगेच नव्हे, तर मुलीही जोर-बैठका काढताना दिसतात. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले, त्या जिल्ह्याला याचे नवल वाटू नये.

अशा गावातून तालमीच्या दारात एक प्रसंग नेहमी घडतो. कोणी शेतकरी बाप आठ-दहा वर्षांच्या पोराला हाताला धरून आणतो आणि वस्तादांपुढे उभा करतो. वस्ताद पोराचे मनगट पाहतात, मान पाहतात, मांडीवर थाप मारून पाहतात; मग हळूच बापाच्या अंगलटीकडेही एक नजर टाकतात, कारण पोर उद्या केवढे होणार याचा अर्धा हिशोब बापाच्या हाडांत असतो. एवढे झाले की बाप विचारतो, “याचं पुढं काय हुईल?”

प्रश्न साधा असला तरी त्यामागे पुष्कळ काही असते. पोराच्या खुराकाला दूध, तूप, बदाम लागणार. शाळा मागे पडणार. घरातील दोन माणसांचे कष्ट त्या एका अंगावर खर्ची पडणार. आपल्यासारख्या शहरांत राहणाऱ्यांच्या घरीही हाच प्रश्न वेगळ्या पोशाखात येतो. क्रिकेटच्या शिबिराची फी भरताना, पहाटे पोहण्याच्या तलावावर मुलीला सोडताना, दहावीच्या वर्षी सराव चालू ठेवावा की नाही यावर रात्री नवरा-बायको बोलत बसतात तेव्हा आपणही कोणा तरी वस्तादाला मनातून हेच विचारीत असतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अमेरिकेत एक रीतसर धंदा आहे. तो कसा चालतो, त्यात कोणाची पारख खरी ठरते आणि कोण नजरेतून निसटतो, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. शिवाय ती एका अस्सल मराठी माणसापाशी येऊन पोचते.

पारख्यांचे कोष्टक

बेसबॉल हा आपल्याकडे फारसा खेळला न जाणारा खेळ. म्हणून दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. या खेळात नऊ डाव असतात, आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी मिळते. तीन गडी बाद झाले की बाजू पालटते. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो साठ फूट सहा इंचांवरून, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो. आपल्या गोलंदाजासारखा टप्पा नाही, धाव नाही; उंचवट्यावर उभे राहून सारा जोर खांद्या-कोपरातून काढायचा. शंभरेक चेंडू टाकले की भलाभला हात थकतो. मग संघाचा व्यवस्थापक मैदानात येतो, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्याला बोलावतो. बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

हा जो दुसरा, मदतीला धावून येणारा, त्याला ‘रिलीफ पिचर’ म्हणतात. सामना चालू असताना तो मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या कोपऱ्यात बसून असतो. दोन दोन तास नुसते बसायचे. बोलावणे आलेच तर दहा-पंधरा मिनिटांत अंग गरम करायचे. आणि मैदानात पाऊल टाकायचे ते बहुधा दुसऱ्याने करून ठेवलेल्या घोटाळ्यात. त्यातल्या सर्वांत विश्वासू माणसाला अगदी शेवटच्या डावासाठी राखून ठेवतात. थोडक्या आघाडीवरचा सामना त्याने सुखरूप पैलतीरी नेला, की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. हा हिशोब अधिकृत दप्तरात १९६९ पासून ठेवला जाऊ लागला. त्यापूर्वी या माणसाच्या कामगिरीला धड नावही नव्हते.

आता पारख्यांकडे वळू. प्रत्येक मोठा संघ ‘स्काउट’ नावाची माणसे पगारावर ठेवतो. ही माणसे शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर, परदेशांतील खेड्यापाड्यांत हातात वेगमापक यंत्र घेऊन हिंडतात, आणि पोरांना गुण देतात. गुणांची पट्टी २० ते ८०. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. ऐंशी म्हणजे पिढीत एखादा. वेगाला वेगळे गुण, चेंडू वळवण्याला वेगळे, अचूकपणाला वेगळे. अखेर एक वाक्य लिहायचे: याचे पुढे काय होईल?

त्या वाक्यात ‘रिलीफ पिचर होईल’ असे लिहिले गेले, तर पूर्वी ती स्तुती समजत नसत. पोरापाशी एक-दोन तऱ्हेचेच चेंडू आहेत, दमसास कमी आहे, किंवा हात फार काळ टिकेल असे वाटत नाही, असा त्याचा अर्थ. रिलीफ पिचरांपैकी पुष्कळजण मुळात पहिल्या डावापासून टाकणारे होते आणि तिथे जमले नाही म्हणून मागे बसवले गेले. आपल्याकडे इंजिनियरिंगला जागा न मिळाल्यावर घरात जो सूर निघतो, तोच सूर त्या शेऱ्यामागे असे.

दोन भालाफेके

हे पारखी एकदा भारतातही आले. २००८ साली जे. बी. बर्नस्टाइन नावाच्या एका अमेरिकन क्रीडा-एजंटाने ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भरवली. कल्पना अशी की, एवढ्या अफाट क्रिकेटवेड्या देशात दगडासारखा वेगाने चेंडू फेकणारा एखादा हात निघायलाच हवा. सदतीस हजारांहून अधिक तरुणांनी हात आजमावले. त्यातून जे दोघे निघाले ते गोलंदाज नव्हतेच! रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे उत्तर प्रदेशातले, बनारसच्या बाजूचे, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेक शिकणारे. रिंकू एका ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, नऊ भावंडांतला. डाव्या हाताने त्याने ताशी ८७ मैलांचा, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरचा चेंडू फेकला आणि एक लाख डॉलरचे बक्षीस जिंकले.

दोघांना अमेरिकेत नेण्यात आले. टॉम हाउस या नामांकित शिक्षकाने त्यांना चेंडू धरण्यापासून शिकवले. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशी करार केला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे हे पहिले भारतीय. वर्षापूर्वी ज्यांनी हा खेळ पाहिला नव्हता, त्यांना हा मान मिळाला. पुढे २०१४ साली डिस्ने कंपनीने त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि तो साहजिकच करारापाशी येऊन आनंदाने संपला.

आयुष्य मात्र करारापाशी संपत नाही. तिथे मोठ्या लीगच्या खाली धाकट्या लीगची एक लांब शिडी असते. तळच्या पायरीवर त्या काळात महिन्याला हजार-बाराशे डॉलरच्या आसपास पगार, तोही हंगामापुरता. बसने रात्रभर प्रवास, स्वस्त खोल्या, आणि आजूबाजूला तुमच्यासारखीच शेकडो होतकरू पोरे. त्यांतली बहुतेक वरपर्यंत कधीच पोचत नाहीत. या दोघांना अर्थातच बहुधा रिलीफ पिचर म्हणूनच टाकायला दिले. दिनेशची वाट २०१० च्या हंगामानंतर संपली. रिंकू टिकून राहिला. जुलै २००९ मध्ये तो अमेरिकन व्यावसायिक सामन्यात विजयी पिचर ठरलेला पहिला भारतीय झाला. डावखुऱ्याला तिथे नेहमीच भाव. त्यात तो दरवर्षी सुधारत गेला. २०१२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून खेळताना त्याची कामगिरी कोणत्याही अमेरिकन पोराने अभिमानाने घरी कळवावी अशी होती. मोठ्या लीगच्या दारापर्यंत अजून तीन पायऱ्या होत्या.

त्या पायऱ्या त्याला चढता आल्या नाहीत. २०१३ पासून दुखणाऱ्या हाताने त्याला मैदानाबाहेर बसवले. वर्षे गेली, आणि खेळ सुटला. मग काय झाले असेल? मुरगूडकरांना ऐकून गंमत वाटेल: २०१८ साली हा गडी कुस्तीत उतरला! अर्थात आपल्या लाल मातीतल्या नव्हे, तर अमेरिकेतल्या झगमगाटाच्या कुस्तीत. आणि ‘वीर महान’ या नावाने लक्षावधी लोकांना ठाऊक झाला. भाल्यातून चेंडूत, चेंडूतून आखाड्यात. स्काउटांच्या कोष्टकात हा रकाना नव्हता.

यावरून पारखी चुकले असे म्हणावे काय? तसे नाही. हातात वेग आहे असे त्यांनी सांगितले, आणि वेग होताच. परंतु कोष्टक सांगते ते हाताविषयी. तो हात किती दिवस साथ देईल, आणि न दिल्यास माणूस काय करील, हे सांगत नाही.

कोळ्याचा पोर

याच्या उलट गोष्ट मारियानो रिव्हेराची. पनामा देशातील पुएर्तो काइमितो या मासेमाऱ्यांच्या गावातला हा मुलगा. वडील मासेमारीच्या होडीवर कप्तान. हाही त्याच कामाला लागलेला. गावच्या संघात तो क्षेत्ररक्षक होता. एका सामन्यात पिचरची धुलाई चालली असताना ‘मी टाकून पाहतो’ म्हणून तो पुढे झाला. हर्ब रेबर्न नावाच्या स्काउटाने त्याला यापूर्वी क्षेत्ररक्षक म्हणून पाहून नापसंत केले होते. आता पिचर म्हणून पाहिल्यावर मात्र त्याला त्या सडपातळ पोराच्या हाताची सहजता दिसली. १९९० साली न्यू यॉर्क यांकीज संघाने त्याला दोन-तीन हजार डॉलर देऊन घेतले. त्या धंद्यात ही रक्कम म्हणजे आपल्याकडचे पानसुपारीचे पैसे.

१९९२ साली कोपरावर शस्त्रक्रिया झाली. १९९५ मध्ये मोठ्या लीगमध्ये पहिल्या डावापासून टाकायला मिळाले, पण तिथे बस्तान बसेना. त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याच्या गोष्टी चालल्या. शेवटी तो बुलपेनमध्ये, मागच्या बाकावर गेला. १९९७ साली एका सहकाऱ्याबरोबर सहज चेंडूची फेकाफेक चालली असता त्याचा सरळ जाणारा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. आधी त्याला आणि शिक्षकांना वाटले की काही तरी बिघडले. हा दोष घालवण्याचाही प्रयत्न झाला. दोष जाईना, तेव्हा त्यांनी तो ठेवून घेतला. पुढची सोळा वर्षे त्या एका चेंडूने फलंदाजांच्या बॅटी मोडल्या. २०१३ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६५२ ‘सेव्ह’ होते, आणि हा विक्रम आहे. २०१९ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांत त्याची निवड झाली ती ४२५ पैकी ४२५ मतांनी. असे एकमत त्यापूर्वी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते, मग तो पहिल्या डावापासून टाकणारा असो की नामांकित फलंदाज.

परंतु मला या माणसाविषयी सर्वांत अधिक सांगावेसे वाटते ते एका हरलेल्या रात्रीविषयी. ४ नोव्हेंबर २००१. जागतिक मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. आघाडी हातात, शेवटचा डाव, आणि चेंडू रिव्हेराकडे. साऱ्या शहराने निश्चिंत व्हावे असा हा क्षण. आणि त्याच डावात तो सामना घालवून बसला. पुढच्या हंगामात व्यवस्थापकाने शेवटच्या डावाला पुन्हा त्यालाच बोलावले, आणि तो पुन्हा त्याच संथ पावलांनी आत आला. रिलीफ पिचरची परीक्षा ही आहे. फलंदाजाला आजची चूक उद्या भरून काढता येते. याची चूक साऱ्यांच्या डोळ्यांसमोर, शेवटच्या मिनिटाला होते, आणि तरीही उद्या त्यालाच यावे लागते. २० ते ८० च्या पट्टीवर या गुणाला जागा नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी

आता आपल्या माणसाकडे येऊ. विसाविसा षटकांच्या क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला फार तर चार षटके. चोवीस चेंडूंत सारी विद्या दाखवायची, आणि तीही कप्तान म्हणेल तेव्हा, बहुधा संघ अडचणीत असताना. आपल्या खेळात रिलीफ पिचरचा सख्खा भाऊ कोणी असेल तर तो हा. आणि या भावांमध्ये मुंबईच्या प्रवीण तांबेइतका उशिरा हाक आलेला दुसरा कोणी नसेल.

तांबेचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ चा. मुंबईच्या मैदानांवर, कचेऱ्यांच्या संघांतून आणि भर पावसात चालणाऱ्या कांगा लीगमधून त्याने वर्षानुवर्षे क्लब क्रिकेट खेळले. आधी तो मध्यमगती गोलंदाज होता. संघाच्या कप्तानाच्या सांगण्यावरून लेगस्पिनकडे वळला. मुंबईच्या रणजी संघाचे दार त्याला उघडले नाही. निवड समितीपुढे त्याची जी आकडेवारी जाई, तीत दरवर्षी एक आकडा वाढत जाई, तो वयाचा. तिशी गेली, पस्तिशी गेली. नोकरी, संसार, दोन वेळची लोकल, आणि रविवारी पुन्हा पांढरे कपडे. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या चाळीत कुठे तरी असतो, आणि शेजारपाजारचे लोक त्याला ‘अजून खेळतोस का रे?’ असे हसून विचारतात.

मग नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील संघाकडून खेळताना (हे नाव कोल्हापूरकरांना सांगायला नको) तो राजस्थान रॉयल्सच्या नजरेत आला. त्या संघाचा कप्तान होता राहुल द्रविड, तांबेपेक्षा वयाने लहान. मे २०१३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तांबे आयपीएलच्या मैदानात उतरला. तोवर तो एकही प्रथम दर्जाचा सामना खेळला नव्हता. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत त्याने १२ बळी घेतले, षटकामागे जेमतेम चार धावा देऊन; स्पर्धेत सर्वाधिक. त्यानंतर मुंबईला त्याची आठवण झाली, आणि बेचाळिशीत तो रणजी सामना खेळला.

५ मे २०१४ ची अहमदाबादची संध्याकाळ क्रिकेटवेड्यांना आठवत असेल. कोलकात्याचा संघ १७१ धावांच्या पाठलागात बिनबाद १२१. सामना हातचा गेलेला. शेन वॉटसनने एका षटकात तीन बळी काढून खिंड पाडली आणि पुढचे षटक तांबेच्या हाती आले. पहिलाच चेंडू वाइड, पण त्याच चेंडूवर मनीष पांडे यष्टिचीत. पुढच्या चेंडूवर युसूफ पठाणचा झेल स्वतः तांबेनेच घेतला. त्यापुढच्यावर रायन टेन डोशाटे पायचीत. हॅट्ट्रिक झाली, आणि वैध चेंडू पडले होते दोनच! बिनबाद १२१ वरून ६ बाद १२३. राजस्थानने सामना दहा धावांनी जिंकला, आणि सामन्याचा मानकरी ठरला बेचाळीस वर्षांचा तांबे. आयपीएलमध्ये त्याचे एकंदर सामने ३३, बळी २८. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. डोळे दिपतात ते त्या आकड्यांच्या आधी असलेल्या वीस वर्षांच्या कोऱ्या पानांकडे पाहून. पुढे २०२० साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वेस्ट इंडीजमधील कॅरिबियन लीगमध्ये खेळला. तिथे खेळणारा पहिला भारतीय तोच.

तालमीच्या दारात

तांबेची गोष्ट ऐकून कोणी ‘थांबा, एक ना एक दिवस हाक येतेच’ असे पोरांना सांगू लागेल, तर तो त्यांची फसवणूक करील. कांगा लीगमध्ये तांबेबरोबर खेळलेल्या शेकडो जणांना हाक आली नाही. सदतीस हजारांतून दोघे निघाले, आणि त्या दोघांनाही वरची पायरी दिसली नाही. खेळाच्या धंद्यात हा हिशोब आई-बापांनी डोळे उघडे ठेवून करायलाच हवा. हाताला काही दुसरे काम, पदरी काही शिक्षण असावेच लागते. तांबेला वीस वर्षे वाट पाहता आली ती त्याच्या घरी महिन्याचा पगार येत होता म्हणून, हेही विसरू नये.

मात्र मला एवढेच वाटते, की पोराची पारख करताना आपण फार लवकर शेवटचे वाक्य लिहून मोकळे होतो. उंची भरली नाही, वेग नाही, वय उलटले, पहिल्या फळीत नाव नाही. आणि मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाचे काम संपले असे समजतो. मागच्या बाकावर बसूनही ज्याचे अंग गार पडत नाही, जो बोलावले की उठतो आणि काल हरलेला असूनही उठतो, त्याचा गुण कुठल्याच यंत्रात मोजला जात नाही. घरातल्या माणसांना मात्र तो रोज दिसत असतो; पाहायची सवय हवी.

मुरगूडच्या बापाने विचारलेल्या प्रश्नाला जुने वस्ताद सहसा सरळ उत्तर देत नाहीत. ‘उद्यापासून पाठवा,’ एवढेच म्हणतात. पहिले कित्येक महिने पोराला कुस्ती शिकवतच नाहीत. माती उकरायला, पाणी मारायला, थोरल्या मल्लांच्या अंगाला माती लावायला ठेवतात. बापाला वाटते, पोर नुसते राबते आहे. वस्ताद मात्र कोपऱ्यातून पाहत असतात, की कंटाळून पळते कोण, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न बोलावता येते कोण.